मुहूर्ताच्या वेळी आत्याची पाठ

आत्या,

तुझ्या तेराव्याची पंगत उठली आणि हात धुवायच्या नळाशी कोणीतरी म्हणालं, "बिचारी!" एवढंच. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी ओल्या हातानेच वळलो आणि विचारलं, "कोण बिचारी?" तो गृहस्थ गडबडला. "नाही, म्हणजे... लग्न नाही, संसार नाही. आपलं म्हणावं असं कोणी..." समोर अंगणभर माणसं बडीशेप चघळत उभी होती आणि त्यातला जो तो तुला आत्या म्हणणारा होता.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी कोणाला उलटून बोलत नाही. चुकून बोललोच तर झोप लागत नाही, आणि सकाळी त्याच्या दारात जाऊन माफी मागून येतो. तू म्हणायचीस, "विनू, तू सॉरी म्हणायला लागलास ना, की मी कणीक भिजवायला घेते. तुझं संपेपर्यंत पोळ्या होतात." त्या गृहस्थाची मी अजून माफी मागितलेली नाही. मागणारही नाही. आणि हे लिहायला बसलोय ते तुझी माफी मागायलाही नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते पुढे न्यायला बसलोय. या वेळी तुझ्या बाजूने.

झालंय असं. रविवारी समाजाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा आहे. तू इतकी वर्षं लोकांची लग्नं त्या कॅमकॉर्डरवर घेतलीस, तर त्यातला थोडा भाग पडद्यावर दाखवायचा, असं मुकुंदाने ठरवलंय. धाकटा भाऊ असला तरी समाजाच्या कमिटीवर तो आहे, मी नाही. तो म्हणतो, "दादा, माझ्याच लग्नाची कॅसेट लावू. आत्याच्या सगळ्या कॅसेटींत तीच एक धड आहे." मी म्हणतो, ती सोडून कोणतीही लाव. यावरून आमचं असं वाजलंय की त्याची बायको फोन हिसकावून घेऊन म्हणाली, "भावजी, जेवलात का?"

ती कॅसेट का नको, हे तुला सांगायला नको. पण रविवारी येणाऱ्यांतल्या अर्ध्यांना ते माहीत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. कुठे चुकलं तर तू नेहमीसारखी मधेच तोडू शकणार नाहीस, एवढाच फरक.

छत्तीसगड वेगळं झालं त्या वर्षाची गोष्ट. पेपरात नवा नकाशा आला आणि आम्हाला वाटलं, आपल्याला काय त्याचं? ग्वाल्हेर जिथल्या तिथे आहे. मग इंदरगंजात तुझ्या सरकारी ऑफिसमध्ये याद्या लागल्या. कोण इकडे राहणार, कोण नव्या राज्यात जाणार. तुझं नाव रायपूरच्या यादीत होतं. तू घरी आलीस, चपला काढल्यास आणि म्हणालीस, "पहिले चहा दे कोणी." चहा संपल्यावर म्हणालीस, "आमच्या अण्णांनी, तुमच्या आजोबांनी, जागचं न हलता तीन राज्यं पाहिली. रियासत होती, तिचं मध्य भारत झालं, मग मध्य प्रदेश. अण्णा त्याच घरात, त्याच खुर्चीवर. आणि मी एकाच राज्यात राहते म्हणते, तर मलाच उचलून चाललेत."

दुसऱ्या दिवशी तू साहेबांना भेटलीस. नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर त्यांचं ऐकून घेत होते, घरी कोणी फार आजारी असेल तर ऐकून घेत होते. साहेबांनी तुझा कागद पाहिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मैडम, आपका तो यहाँ कोई है नहीं। आपके लिए क्या ग्वालियर, क्या रायपुर।"

हे तू घरी सांगितलंस तेव्हा नाना, तुझा मोठा भाऊ आणि आमचे वडील, कॉटवरून उठून उभेच राहिले. "कोणी नाही म्हणजे? मी काय मेलोय?"

"नाना, तू भाऊ. भाऊ धरत नाहीत त्यात."

"आणि ही दोन पोरं?"

"भाचे. तेही नाही धरत."

आमची आई गेल्यापासून आमचे डबे, आमच्या परीक्षा, आमचे ताप सगळं तू काढलंस. त्याचं नाव काय, हे सरकारला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही कधी त्याला नाव द्यावं लागलं नव्हतं.

आम्हाला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर वकिलाकडे जाईल. तू म्हणालीस, "दाखवतेच त्यांना."

"काय दाखवतेस?"

"माणसं."

मुकुंदाचं लग्न महिन्यावर आलं होतं. सगळं कुटुंब एका मांडवात येणार होतं. ते सगळं कॅमेऱ्यात घ्यायचं आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन दाखवायचं, असा तुझा बेत. नाना म्हणाले, "अगं, लग्नाला व्हिडिओवाला ठरवलाय ना आपण." तू म्हणालीस, "तो नवरा-नवरीला घेईल. मला माझी माणसं पाहिजेत." आणि मला घेऊन कॅमेरा आणायला दिल्लीला गेलीस. परतीच्या गाडीत कॅमेऱ्याचा डबा तू मांडीवरून खाली ठेवला नाहीस. समोरच्या बाईने विचारलं, "मिठाई है क्या?" तर म्हणालीस, "नहीं जी, सबूत है।"

मग आपली शिकवणी सुरू झाली. मी तेव्हा नुकताच कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि शिकवण्याचा रोग ताजा होता. डब्यातलं पुस्तक इंग्रजी. त्यात कॅमेऱ्याचं चित्र, चहूबाजूंनी बाण आणि बाणांना आकडे. मी तुला ते क्रमाने पाठ करायला लावलं. एक म्हणजे भिंग, दोन म्हणजे माइक, तीन म्हणजे डोळा लावायची खिडकी. संध्याकाळी परीक्षा घ्यायचो. तू ऑफिसातून दमून आलेली, हातात भाजी, आणि मी विचारतोय, "सात नंबर काय आहे?"

"सात नंबर तुझं डोकं. मला हे मुंजीतल्या बटूसारखं घोकायला लावू नकोस. हातात दे ते."

हातात घेतल्यावर मात्र तू तासाभरात माझ्या पुढे गेलीस. हळदीकुंकवाला वाटलेल्या टिकल्यांची पाकिटं तुझ्या कपाटात पडून असायची. बायका तुला पाकीट द्यायला विसरायच्या नाहीत, फक्त ओटी भरायची वेळ आली की पुढच्या बाईकडे वळायच्या. त्या टिकल्या तू काढल्यास आणि बटणांवर चिकटवल्यास. मखमली होत्या, म्हणून न बघता अंगठ्याला कळायच्या. चित्र सुरू करायच्या बटणावर मोठी लाल. झूमच्या पट्टीच्या एका टोकाला हिरवी, ती जवळ आणायची. दुसऱ्या टोकाला निळी, ती लांब न्यायची. कॅसेट बाहेर काढायच्या बटणावर काळी. "काळी म्हणजे हात नाही लावायचा," तू नानांना बजावलंस. नाना कॅमेऱ्याच्या जवळही फिरकत नव्हते.

बाजूचा छोटा पडदा उघडला की त्यावर काय काय उमटायचं. एका कोपऱ्यात बॅटरीचं चित्र, ते हळूहळू रिकामं होत जायचं. दुसऱ्या कोपऱ्यात कॅसेट किती मिनिटं उरली ते. आणि वर इंग्रजी अक्षरं: STBY असलं तर कॅमेरा नुसता तयार उभा, REC आलं की चित्र घेतोय. तू त्यांची नावंच बदललीस, 'उभा' आणि 'चालू'. पहिल्या दिवशी तुझं नेमकं उलटं झालं. 'उभा' असताना नानांचं अख्खं भाषण ऐकून घेतलंस आणि बंद केला असं समजून स्वयंपाकघरात गेलीस तेव्हा तो 'चालू' होता. संध्याकाळी आपण टीव्हीला तारा जोडून बसलो, तर नानांच्या चपला, न्हाणीघराचा उंबरा आणि तुझा आवाज, "मेली ही पाल परत आली."

एकदा धुक्याच्या सकाळी तू बाहेरून चित्र घेऊन आलीस आणि पडद्यावर एक पाण्याचा थेंब लुकलुकायला लागला. कॅमेरा काही करेना. मी पुस्तकात शोधेपर्यंत तू त्याला शालीत गुंडाळून शेगडीपाशी नेलंस.

"आत्या! वितळेल ते!"

"मग? थंडीत फिरवलाय त्याला. पडसं झालंय."

पुस्तकात अगदी तेच लिहिलं होतं. थंडीतून उबेत आणला की आत दमट होतं, झाकण उघडून तासभर ठेवा. फक्त शेगडी नव्हती. मी ते वाचून दाखवलं तर म्हणालीस, "तेच तर मी म्हणत होते, तू मराठीत नाही समजलास."

समोरच्या बाजूला मुगाएवढा एक लाल दिवा होता. तो का, असं तू विचारलंस. मी सांगितलं, चित्र चालू असलं की तो लागतो, म्हणजे समोरच्या माणसाला कळतं. तू दिव्याकडे जरा वेळ बघत राहिलीस. "समोरच्यासाठी आहे होय," म्हणालीस.

आणि एक नियम मी घातला होता. तो पुस्तकात नव्हता, माझा होता. "कॅमेरा कोणाच्याही हातात द्यायचा नाही. दुसऱ्याने धरला की हलतो, बटणं भलतीच दाबली जातात." हा एकच नियम तू तंतोतंत पाळलास.

मुकुंदाच्या लग्नात तू जे केलंस ते कोणत्या व्हिडिओवाल्याने केलं नसतं. स्टेजकडे बघितलंसही नाही फारसं. भटारखान्यापासून वरातीच्या घोडीपर्यंत एकेकाला गाठलंस. "बोल. मी तुझी कोण ते बोल. हिंदीत बोल, साहेबांना कळलं पाहिजे." पोरं बोटांनी भिंगाकडे दाखवत ओरडायची, "ये हमारी आत्या है!" वंदना, आमची चुलत बहीण, तेव्हा कॉलेजात होती, ती म्हणाली, "सर, इनको ले गए तो हमारे यहाँ पुरणपोळी कौन बनाएगा?" आणि नाना. ते कॅमेऱ्यासमोर सावधान उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "नमस्कार। ये हमारी बहन हैं। इनको मत भेजिए। बाकी सब ठीक है।" मग बराच वेळ तसेच उभे. तुझा आवाज येतो, "झालं नाना, जा." तरी उभे.

घरी आपण ती कॅसेट पुन्हा पुन्हा पाहिली. काय खूश होतो आपण! जो तो स्वतःला शोधत होता आणि जो तो सापडत होता.

साहेबांकडे मी तुझ्याबरोबर आलो. तू टेबलावर कॅमेरा ठेवलास, बाजूचा पडदा उघडून त्यांच्याकडे वळवलास. माणूस सभ्य होता. त्याने चहा मागवला, चष्मा बदलला आणि खरंच पाहिलं. शेजारच्या टेबलांवरचे बाबूही मागे येऊन उभे राहिले. नाना आले तेव्हा कोणी हसलं नाही. सगळं पाहून झाल्यावर साहेब म्हणाले, "बहुत अच्छा परिवार है, मैडम। मगर इसमें आप कहाँ हैं?"

मी कॅसेट मागे नेली. पुढे नेली. अक्षता, पंगत, वरात, सीमांतपूजन. तू कुठेच नव्हतीस. एका चित्रात नव्हतीस, आरशात नव्हतीस, कोणाच्या मागेसुद्धा नव्हतीस. सगळे तुझ्याकडे बोट दाखवत होते आणि जिकडे दाखवत होते तिथे कोणी नव्हतं.

तू म्हणालीस, "साहब, कैमरा क्या भूत ने पकड़ा था?"

सगळं ऑफिस हसलं. साहेबही हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "मानता हूँ, मैडम। पर लिस्ट ऊपर से आई है।"

जिन्यावरून उतरताना मी सुरू केलं, "आत्या, सॉरी, तो नियम मी घातला नसता तर..." तू म्हणालीस, "चूप. बॅटरी बंद केलीस का?" खाली रस्त्यावर आल्यावर, टांग्यांच्या आणि टेम्पोच्या गोंगाटात, तू जे बोललीस ते मात्र माझ्या आत अजून तसंच आहे. "इतकी माणसं होती विनू, एकालाही नाही सुचलं की हिलाही एकदा घ्यावं." थोडं चालल्यावर म्हणालीस, "मलाही नाही सुचलं."

त्या वाक्यावर मी किती वर्षं माफी मागितली. घरात, फोनवर, तुझ्या वाढदिवसाला, एकदा तर सराफ्यात, तू पाटल्या उजळायला टाकल्या होत्यास तिथे. तू कधी ती घेतली नाहीस. तुला माफी नको होती. काय हवं होतं ते तू करून दाखवलंस आणि मी ते बघूनही समजलो नाही.

तू रायपूरला गेलीस. तिकडून पहिली कॅसेट आली ती दुकानातून व्हीसीआरवर उतरवून आम्ही नानांच्या खोलीत लावली. एक भाड्याची खोली, रिकामी खुर्ची. चित्र जरा तिरकं, कारण कॅमेरा कशावर तरी ठेवलेला. मग बाजूने तू आलीस, खुर्चीवर बसलीस, भिंगाकडे नाही, त्याच्या जरा वर पाहिलंस. तो लाल दिवा लागलाय ना, ते पाहत होतीस. मग म्हणालीस, "नाना, विनू, मुकुंदा. बघा, आले मी." पुढे काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून ताटली ओढून मटार सोलायला बसलीस. पुष्कळ वेळ सोललेस. नाना टीव्हीला म्हणाले, "कीड बघून घे."

आणि परत आलीस ती कोणाच्या मेहेरबानीने नाही. तिकडच्या गावचा एक बाबू इकडे ग्वाल्हेरात अडकून पडला होता. त्याला तू शोधलंस. फोन करून करून, ओळखीतून ओळख काढून. तुझ्याइतकंच घरी जायचं होतं त्याला. दोघांनी अदलाबदलीचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. स्टेशनवर तू उतरलीस तेव्हा नाना म्हणाले, "आलीस?" तू म्हणालीस, "नाही, अजून गाडीतच आहे."

त्यानंतरचं पहिलं लग्न वंदनाचं. सगळ्यांनी हौसेने सांगितलं, व्हिडिओवाला नको, आत्याच घेईल. तू घेतलंसही छान. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, तशी तू खुर्च्यांवर खुर्च्या रचल्यास, अगदी मधोमध. त्यावर कॅमेरा ठेवलास, लाल टिकली दाबलीस, मूठभर अक्षता घेतल्यास आणि चालत चालत चित्रात गेलीस. 'सावधान' झालं तेव्हा पडद्यावर तुझी पाठ, मरून रंगाची चंदेरी साडी आणि अंबाडा. नवरा नाही, नवरी नाही. उजव्या बाजूला गुरुजींचा एक कान.

वंदना रडकुंडीला आली होती. "आत्या, अंतरपाट खाली गेलेला दिसतच नाही गं!"

"तू तिथेच होतीस ना? मग?"

तेव्हापासून प्रत्येक लग्नात तेच. मुंजीत तेच, बारशात तेच. ऐन क्षणी तुझी पाठ. लोकांनी थट्टा केली, काहींनी दुसरा व्हिडिओवाला ठरवला आणि तुला नुसतं जेवायला बोलावलं. तू कॅमेरा घेऊन गेलीस. मी भांडलो. म्हटलं, आत जा, हवी तितकी जा, पण कडेला उभी राहा ना जरा.

"कडेला उभं राहायला मला शिकवू नकोस विनू. ते मला येतं."

मी हट्टाने तिकाटणं आणून दिलं, कॅमेरा उंच लावायला. म्हणजे तुझ्या डोक्यावरून तरी दिसेल. पुढच्या महिन्यात त्यावर दोडक्याचा वेल चढला होता.

हेच ते भांडण. मी त्याला चित्रीकरणाचं भांडण समजत होतो. चौकट, उंची, कोन. मी मास्तर ना. तू त्या कॅमेऱ्याचं प्रत्येक बटण माझ्याहून चांगलं ओळखायचीस, आणि मला वाटायचं की तुला अजून कुठे उभं राहावं ते कळत नाही.

मागच्या दिवाळीत तू आजारी होतीस, उशीला टेकून बसली होतीस. मी म्हटलं, "आत्या, या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतो. खराब होतील नाहीतर. आणि घेताना मुहूर्ताच्या ठिकाणी तुझी पाठ जरा कमी करतो. वंदनाही कधीची म्हणतेय." मला वाटलं, आता तू भांडशील. मी उत्तरं तयार ठेवली होती. तू खिडकीकडे पाहत म्हणालीस, "कर."

फक्त एवढंच. आणि मी जिंकल्याचं तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. त्याच वेळी म्हणायला हवं होतं की नाही करणार. उद्या म्हणू असं वाटलं. मग तुझं ऑक्सिजनचं सुरू झालं आणि बोलणं राहिलं.

तर आता म्हणतो. नाही करणार. एक चित्र कापणार नाही. ना वंदनासाठी, ना मुकुंदासाठी, ना समाजासाठी. तू 'कर' म्हणालीस तरी नाही. तुझं कोणतं ऐकायचं आणि कोणतं नाही, एवढं तरी तू मला वाढवताना शिकवलंस.

तुझ्या तेराव्यानंतर मी कॅसेटी घ्यायला बसलो. नया बाजारातल्या दुकानात द्यायच्या नव्हत्या, ते लोक न विचारता कापतात. माझ्याच टेबलावर, तुझाच कॅमेरा, टिकल्यांसकट. कॅसेट खऱ्या वेगाने चालते तेवढाच वेळ लागतो, पळवता येत नाही. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी तुझी चित्रं न पळवता शेवटपर्यंत पाहिली. आणि आत्या, तुला कोणी सांगितलं नाही का गं? का तुला माहीतच होतं?

अक्षता टाकून झाल्या की तू वळतेस. कॅमेरा बंद करायला तुलाच यावं लागायचं ना. आम्ही सगळे तुझी पाठ आली की वैतागून कॅसेट पुढे पळवायचो, आणि दुकानदार तर तेवढं कापूनच द्यायचा. म्हणून हे कोणी पाहिलंच नाही. तू वळतेस आणि सरळ भिंगाकडे चालत येतेस. मागे सनई, टाळ्या, पोरांचा आरडाओरडा. आधी चेहरा धूसर असतो, मग कॅमेरा स्वतःच नजर जुळवून घेतो आणि तू एकदम लख्ख होतेस. केसांत अक्षता, कपाळावर घाम, ओठ हसू आवरत असलेले. पडदाभर तू.

मी ते मुकुंदाला दाखवलं. तो तावातावाने आला होता. "दादा, शोकसभेत पाठ दाखवतात का? लोक हसतील. चेहरा पाहिजे, चेहरा. आणि तिचा एक धड फोटो नाही घरात." मी म्हटलं, बस. वंदनाच्या लग्नाची लावली. पाठ आली तसा तो उसासला. मग तू वळलीस. तो खुर्चीत पुढे सरकला. चित्र बंद झालं तेव्हा म्हणाला, "परत लाव." तीनदा लावली. मग म्हणाला, "माझ्या लग्नात तिला कोणी..." मी म्हटलं, हो. मीही त्यातलाच. तो डोळे पुसत उठला आणि दारातून म्हणाला, "तरी दादा, दहा मिनिटांत आटप हां. हॉलवाले लाइट बंद करतात."

दहा मिनिटांत आटपणार नाही. हॉलवाल्यांनी काय करायचं ते करावं.

रविवारी वंदनाच्या लग्नापासूनची सगळी लग्नं लावणार आहे, एकही न कापता. कोणाला आपला मुहूर्त नीट बघायचा असेल त्यांनी आपापला व्हिडिओवाला आठवावा. तू अक्षता टाकशील, वळशील, त्या लाल दिव्यावर नजर ठेवून सगळ्या हॉलच्या अंगावर चालत येशील. हात पुढे करशील आणि चित्र जाईल. मग पुढच्या लग्नात परत येशील.